एका ट्रॅक्टरचा जीर्णोद्धार

मालगुंडची भूमी घडविताना विधात्याच्या मनात ट्रॅक्टरची कल्पना यत्किंचितही नसावी. पश्चिमेस समुद्र, पूर्वेस जांभ्याचे उघडेबोडके सडे, आणि या दोहोंच्या मध्ये सापडलेल्या चिंचोळ्या पट्टीत नारळी-पोफळीची आगरे, त्यांचे गडगे, गडग्यांमधून एका वेळी एकच गाय आणि तिच्यामागून एकच गुराखी जाऊ शकेल अशा पाणंदी, आणि मग उतारावर एकाखाली एक उतरत गेलेली भातखाचरे. त्यांतली काही तर अशी की, जोत एका बांधाशी वळले म्हणजे बैलाची शेपटी दुसऱ्या बांधावरील गवत झाडते. घाटावर जमीन एकरांत मोजतात, आमच्याकडे ती गुंठ्यांत मोजतात, आणि भाऊबंदकीच्या दाव्यांत फुटांत. अशा गावी कोणी ट्रॅक्टर बाळगला, तर त्याचे कारण त्याच्या शेतीत शोधू नये, स्वभावात शोधावे.

आमच्या काकांचा स्वभाव असा की, ज्या वस्तूवाचून आजवर काही अडले नाही ती वस्तू घरात नसल्याची रुखरुख त्यांना रात्री झोप येऊ देत नाही. घाटावरच्या एका ऊसवाल्याने निकामी म्हणून काढलेला हा ट्रॅक्टर त्यांनी विकत घेतला, आणि आंबा घाट उतरून साखरपा, पाली, हातखंबा असे मुक्काम करीत, आपण स्वतः मोटारसायकलीवर अग्रभागी राहून, त्यास गावात आणले. उमेदीच्या काळात त्याने नांगरणी सोडून सर्व प्रकारची सेवा बजावली. खाणीवरचे चिरे वाहिले, आंब्याच्या पेट्या वाहिल्या, उत्सवाच्या मंडपाचे वासे वाहिले, आणि एका वैशाखात तर एस. टी. न आल्यामुळे खोळंबलेले वऱ्हाड, नवरदेवासह, मुहूर्ताच्या आत मांडवात नेऊन पोचविले. पुढे एका पावसाळ्यात तो मांगरालगतच्या फणसाखाली उभा राहिला, त्यावर माडाची झापे घालण्यात आली, आणि त्यानंतरचे कित्येक पावसाळे त्याने तेथेच काढले. ‘बंद पडला’ हा शब्दप्रयोग काकांनी कधीही मान्य केला नाही. ट्रॅक्टर ‘उभा आहे’ असे ते म्हणत. आणि चारी टायर बसलेले असताही ते हे विधान निःसंकोचपणे करीत.

वास्तविक जुन्याला निरोप देण्याच्या कामी मालगुंडचा अधिकार मोठा. केशवसुत १८६६ साली याच गावी जन्मले, १८९३ साली लिहिलेल्या ‘तुतारी’ने त्यांनी जुनाट रूढींवर जो हल्ला चढविला त्याने मराठी कवितेला निराळे वळण लागले, आणि त्यांच्या जन्मस्थानी कोकण मराठी साहित्य परिषदेने उभारलेल्या स्मारकाचे उद्घाटन १९९४ साली खुद्द कुसुमाग्रजांच्या हस्ते झाले. शाळांच्या सहली तेथे येतात, मुले ओळीने उभी राहून ती कविता म्हणतात, आणि ऐकणारे ग्रामस्थ घरी परतून माळ्यावरचा तुटका रहाट, बुडाला भोक पडलेले घंगाळ आणि पणजोबांच्या वेळचा काच नसलेला कंदील ‘लागेल कधीतरी’ म्हणून पुन्हा नीट लावून ठेवतात. ही विसंगती मी एकदा काकांच्या निदर्शनास आणून दिली. काका शांतपणे म्हणाले, “केशवसुत गाव सोडून गेले. मला इथंच राहायचंय.”

यावर उत्तर नव्हते. कारण येथे राहावयाचे म्हणजे गंजाच्या राज्यात राहावयाचे. आमच्या जिल्ह्यात पिढ्यान्पिढ्या खोती होती. खोत कुळाकडून भाताचे अर्धेल घेई, वरकस जमिनीचे तिर्धेल घेई, वर वेठ घेई ती निराळीच. डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात ही पद्धत मोडण्याचे विधेयक मांडले, १९४९ साली कायदा झाला, आणि खोतांची दप्तरे बासनात गेली. गंजाची खोती मात्र आजतागायत कोणत्याही कायद्याच्या कक्षेत आलेली नाही. त्याची वसुली बारमाही असते. खिडकीचे गज, सायकलीचे मडगार्ड, विहिरीवरच्या कप्पीचा आस, नव्या सुनेने माहेराहून आणलेले लोखंडी कपाट, यांपैकी प्रत्येकातला त्याचा हिस्सा ठरलेला आहे, आणि तो मुदतीपूर्वीच वसूल होतो. लोखंड गंजण्यास हवा आणि पाणी एवढे पुरे. पाण्यात मीठ असले की तेच काम कैक पटींनी वेगाने चालते. आणि मालगुंडात तर वाराच मीठ घेऊन अंगणात येतो. त्यात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पडणारा पाऊस. शिवाय गंजाची एक खोड अशी की, तो ज्या लोखंडापासून होतो त्या लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो. त्यामुळे एखाद्या बारीक ओरखड्यातून तो रंगाखाली शिरला की आतून रंगाला फुगवितो, फोड आणतो, आणि शेजारच्या निरोगी पत्र्यावर आपली वहिवाट सांगू लागतो. बांध कोरण्याची ही विद्या आमच्या भाऊबंदांनी गंजापासून घेतली की गंजाने त्यांच्यापासून, याचा निवाडा कोणत्याही दिवाणी न्यायालयाने अद्याप केलेला नाही. रंग देणे म्हणजे या खोताचा मक्ता भरणे. तो भरला की वर्ष दोन वर्षे खोत दारात येत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

गंमत अशी की, ज्या जमिनीवर हा ट्रॅक्टर उभा होता ती जमीनही जातीने गंजलेलीच. जांभा दगड तांबडा दिसतो तो त्यातील लोहाच्या ऑक्साइडामुळे, म्हणजे व्यवहारात ज्यास आपण गंज म्हणतो त्याच्याच सगोत्र द्रव्यामुळे. लक्षावधी वर्षांच्या पावसाने खडकातले विरघळण्याजोगे सर्व धुऊन नेले आणि लोह मागे ठेवले. कंपनी सरकारचा डॉक्टर फ्रान्सिस ब्युकॅनन याने मलबारातील प्रवासात हा दगड पाहून १८०७ साली त्याचे शास्त्रीय बारसे केले. आमच्या पूर्वजांनी बारशाची वाट न पाहता त्याची घरे बांधली होती. तेव्हा फणसाखालचा ट्रॅक्टर नष्ट होत नसून हळूहळू सातबाऱ्यात वर्ग होत आहे, असे म्हणणे भूशास्त्राच्या दृष्टीने अधिक सयुक्तिक ठरले असते.

परंतु काकांनी ते होऊ द्यावयाचे नाही असे ठरविले, आणि एका चैत्रात जाकादेवीहून मिस्त्रींना बोलावणे धाडले. मिस्त्री आले. त्यांनी झापे बाजूस सारली, ट्रॅक्टरभोवती एक प्रदक्षिणा घातली, बॉनेट उघडून आत बराच वेळ पाहिले, आणि वैद्याने नाडी सोडावी तसा पंख्याचा पट्टा सोडून म्हणाले, “इंजान बरा हाय, काका. जरा निजलाय.”

“इंजिनाचं नंतर बघू,” काका म्हणाले. “रंगाचं बोला.”

मिस्त्रींनी आयुष्यात अनेक ट्रॅक्टर आणि त्यांहून अधिक मालक पाहिले असल्यामुळे त्यांच्या मुद्रेवर विस्मय उमटला नाही. पुढे मला कळून आले की, काकांच्या या क्रमामागे एक दर्शन होते. रंग दिलेला ट्रॅक्टर चालला नाही तरी दारात शोभतो. चालणारा पण बेरंग ट्रॅक्टर दारावरून गेला तर लोक मालकाच्या प्रपंचाविषयी चौकशी करतात.

तरीही रंगापूर्वी खरवड आली, आणि खरवडीपूर्वी नट सोडविणे आले. जे नट फिरावयास पाहिजेत ते न फिरता डोके गमावून बसत, आणि जे घट्ट राहावयास पाहिजेत ते हात लावताच पीठ होऊन गळत. रात्रभर रॉकेल सोडून ठेवावे, सकाळी रिंग पाना लावावा, पान्याच्या दांड्यावर नळीचा तुकडा चढवावा, त्यावर मिस्त्रींच्या पोऱ्याने सर्व वजनानिशी लोंबकळावे, आणि अखेर छन्नी आणावी, असा तो नित्यक्रम. पाइपांमध्ये निराळीच वस्ती निघाली. आपल्याकडे जिला कुंभारीण म्हणतात ती बारीक कमरेची माशी कोणतेही रिकामे भोक पाहिले की त्यात ओल्या मातीचे घर बांधते, घरात बेशुद्ध केलेला कोळी किंवा अळी शिधा म्हणून ठेवते, अंडे घालते आणि दार लिंपून निघून जाते. रेडिएटरच्या पाण्याच्या नळीपासून डिझेलच्या नळीच्या उघड्या तोंडापर्यंत या बाईने जी बांधकामे उठविली होती ती पाहून काकांनाही क्षणभर आदर वाटला. एकाही बांधकामास ग्रामपंचायतीचा परवाना नव्हता, पण तसे पाहू जाता गावात तो कितींना आहे?

खरवड सुरू झाली आणि इतिहास बाहेर पडू लागला. डाव्या मडगार्डावर तार-ब्रश आणि पॉलिश पेपर चालवीत असता वरचा तांबूस थर गेला आणि खाली निळा निघाला. निळ्याखाली कोणा उत्साही मालकाने दिलेला नारिंगी. नारिंगीखाली पुन्हा तांबडा, पण हा जरा काळपट. आणि सर्वांत तळाशी करडा. तलाठ्याने फेरफाराच्या नोंदीही इतक्या इमानाने ठेवल्या नसत्या. आता प्रश्न असा उद्भवला की, हा ट्रॅक्टर मूळचा कोणत्या कुळातला? बॉनेटवरील नावाची पट्टी गंजाने केव्हाच जमा करून घेतली होती. या प्रश्नावर गावात जे पक्ष पडले ते निवडणुकीतही पडले नव्हते.

आपल्या देशात ट्रॅक्टर होऊ लागले त्यास फार काळ लोटलेला नाही. त्यापूर्वीची कथा अशी की, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर केला तेव्हा, लोखंडाने जमिनीत विष कालवले जाईल, म्हणून शेतकरी त्यास हात लावीनात. आणि ज्यांच्या भीतीमुळे कधीकाळी फाळ विकला जात नव्हता त्याच लोकांची नातवंडे पुढे ट्रॅक्टरसाठी नाव नोंदवून बसू लागली. आयशरचा पहिला ट्रॅक्टर १९५९ साली फरीदाबादेत तयार झाला. १९६० नंतर मद्रासकडे मॅसी फर्ग्युसन होऊ लागला. १९६३ साली महिंद्रांनी इंटरनॅशनल हार्वेस्टरशी भागीदारी करून मुंबईचा कारखाना उभारला. झेकोस्लोव्हाकियाच्या झेटरचे तंत्र घेऊन सरकारी एच. एम. टी.ने १९७१ साली पिंजोरला काम सुरू केले. आणि पंजाबातून १९७४ मध्ये स्वराज आला. ही वंशावळ गावात कोणासही ठाऊक नव्हती, पण रंगावरून गोत्र सांगण्याचा अधिकार प्रत्येकाने आपणाकडे घेतला होता. तळाचा करडा पाहून एकजण म्हणे, हा मॅसी, कारण तांबडे बॉनेट आणि करडा सांगाडा ही मॅसीची खूण. निळा पाहून दुसरा म्हणे, फोर्ड. सेवानिवृत्त झालेले एस. टी.चे ड्रायव्हर रोज सकाळी फाटकाशी येऊन, हा विलायती आहे एवढेच सांगत आणि चहा झाल्यावर जात. अखेर मिस्त्रींनी जो निवाडा दिला तो कोणाच्याच सोयीचा नव्हता: इंजिन एकाचे, गिअरपेटी दुसऱ्याची, पुढचा आस तिसऱ्याचा, आणि आसन एका जीपचे. घाटावरच्या ऊसवाल्यांनी त्यास वेळोवेळी मिळेल त्या घराण्याशी सोयरीक करून जगविले होते. हे ऐकून काकांचा चेहरा उतरेल असे मला वाटले. पण त्यांनी छाती पुढे काढून, “म्हणजे सगळ्यांतला चांगला चांगला भाग आलाय,” असा अर्थ लावला.

नोंदणीपुस्तक हा शेवटचा आधार. तांत्रिकदृष्ट्या वाहनाचा रंग बदलला तर त्याची नोंद पुस्तकात करून घ्यावी लागते, आणि काका कायद्याच्या बाबतीत भिडस्त असल्यामुळे त्यांनी लोखंडी पेटीतून ते पुस्तक काढविले. पावसाळ्यांनी त्याचाही समाचार घेतला होता. कंपनीचे नाव विरघळले होते, निर्मितीच्या वर्षाचे आकडे कसरीने खाल्ले होते, आणि सर्व रकान्यांपैकी रंगाचा रकाना तेवढा वाचता येत होता. त्यात ‘तांबडा’ असे लिहिलेले होते. प्रश्न मिटला. शिवाय, आणि हे काकांनी मला बाजूस घेऊन खालच्या आवाजात सांगितले, तांबड्या रंगावर गंज दिसत नाही, जांभ्याची धूळ दिसत नाही, आणि पान खाऊन बोलणाऱ्या सल्लागारांचाही पुरावा राहत नाही.

सल्लागारांची वाण नव्हती. वैशाखात मुंबईहून आलेले चाकरमानी हे ट्रॅक्टरच्या दुरुस्तीचे जन्मजात तज्ज्ञ असतात. त्यांच्यापैकी एकाने, मुंबईत असल्या जुन्या गाड्यांची शर्यत भरते, असे सांगून काकांच्या डोळ्यांत एक धोकादायक चमक आणली, आणि काकूंनी ती त्याच संध्याकाळी विझविली. गणपतीपुळ्याहून निघून स्मारक पाहावयास आलेल्या यात्रेकरूंपैकी एक कुटुंब वाट चुकून आगरात शिरले; त्यांनी मुलांना उघड्या सांगाड्यावर बसवून छायाचित्रे काढली आणि, हे संग्रहालय किती वाजता बंद होते, असे विचारले. काकांनी त्यांना सहा वाजता असे उत्तर दिले.

प्रत्यक्ष रंगकामाविषयी थोडक्यात सांगावयाचे तर, प्रथम खड्ड्यांत लांबी भरली, ती घासली, पुन्हा भरली, पुन्हा घासली. मग रेड ऑक्साइडचा हात मारला. पूर्वी लोखंडी पुलांना अस्तर म्हणून शेंदूर देत असत. मारुतीच्या अंगावर चढतो तोच शिशाचा तांबडा, विषारी आणि म्हणूनच चिवट. हे ऐकून काकांनी तोच आणण्याचा हट्ट धरला होता, परंतु मिस्त्री म्हणाले की, मग लोक नारळ फोडावयास येतील. स्कॉटलंडात फोर्थ नदीच्या खाडीवर १८९० साली पुरा झालेला पोलादी पूल आहे; त्याचे एक टोक रंगवून दुसऱ्या टोकाशी पोचेपर्यंत पहिले टोक पुन्हा रंगास येते, अशी त्या देशात म्हणच पडली होती. काकांना ही गोष्ट मनापासून आवडली. इतक्या दूरच्या लोकांनाही आपलाच खोत भेटला, हे ऐकून त्यांना एकटेपण उरले नाही.

फवाऱ्याने रंग मारावयाचा म्हणून टायर, दिवे आणि मीटर रद्दीच्या कागदांनी झाकण्याचे काम काकांनी स्वतःकडे घेतले, आणि तेथे सारे घोडे अडले. कारण प्रत्येक कागद चिकटविण्यापूर्वी ते वाचीत. उजव्या दिव्यावर जो जुना अग्रलेख आला होता त्याचा उरलेला भाग मागच्या चाकावर गेला असल्याचे ध्यानात येताच, तो संपेपर्यंत त्यांनी फवारा चालू करू दिला नाही. थिनर ओतण्यासाठी मिस्त्रींच्या पोऱ्याने स्वयंपाकघरातून जे पातेले आणले ते नेमके ताक घुसळण्याचे निघाले. त्यावरून घरात जे बोलणे झाले ते या लेखाच्या मर्यादेत बसत नाही.

रंग पुरता वाळण्याच्या आतच, वळिवाचे ढग दिसू लागले म्हणून, इंजिन चालू करून ट्रॅक्टर मांगरात घ्यावयाचे ठरले. टाकीत डिझेल भरले. नळीत हवा धरली होती ती काढण्यासाठी फिल्टरवरचा हवा सोडण्याचा नट सैल करून, बुडबुडे थांबेपर्यंत हातपंप मारला. बॅटरी शेजाऱ्यांच्या जीपची आणली. पहिल्या खेपेस इंजिन खाकरले, दुसऱ्या खेपेस त्याने नुसता उसासा टाकला, आणि तिसऱ्या खेपेस सायलेन्सरमधून वाळकी पाने, कुंभारणीच्या घरांची माती, एक हयात पाल आणि एवढ्या वर्षांचा साठलेला काजळीचा लोट असा सर्व ऐवज बाहेर फेकून ते धडधडू लागले. पाल माडावर गेली. काजळी ओल्या तांबड्या बॉनेटवर बसली आणि तेथेच वाळली. मिस्त्री पुसावयास धावले, तेव्हा काकांनी त्यांचा हात धरला. “राहू दे,” ते म्हणाले, “कंपनीच्या रंगाला असे ठिपके नसतात. आपला म्हणून ओळखू येईल.”

मिरगानंतर त्यास खाचरात उतरविले. चिखलणीसाठी मागच्या चाकांना लोखंडी केज बसविल्या होत्या, आणि खाचराच्या मधल्या भागात त्याने खरोखरच प्रेक्षणीय चिखल केला. परंतु बांधाशी आल्यावर त्यास वळावयास जागा लागे, ती शेजाऱ्यांच्या खाचरात होती. मागे घ्यावे तर केजखाली बांध येई. अखेर चारी कोपरे कुदळीने खणावे लागले. लावणीसाठी आलेल्या बाया, तरव्याच्या मुठी घेऊन, पावसात इरली पांघरून बांधावर ओळीने उभ्या राहिल्या. त्यांतली वयस्क बाई म्हणाली, “जोत असता तर ह्या येळेला आमी पेज पिऊन बसलो असतो.” काकांनी हे ऐकले नाही, किंवा इंजिनाच्या आवाजामुळे ऐकू आले नाही असे दाखविले. ट्रॅक्टरचा हा एक उपयोग अद्याप कोणत्याही कंपनीने जाहिरातीत घातलेला नाही.

भाद्रपदात घाटावरून एक गृहस्थ जुन्या ट्रॅक्टरांच्या शोधात आले. त्यांनी दारात उभी असलेली ती तांबडी मूर्ती पाहिली, भोवती फिरले, टायरांवर लाथा मारल्या, आणि असा आकडा बोलले की आत काकूंच्या हातातली वेळणी थांबली. कारण तो आकडा काकांनी मूळ दिलेल्या रकमेहून आणि मिस्त्रींच्या सर्व बिलांहून स्पष्टपणे अधिक होता. काकांनी सरबत मागविले. सौदा झाल्यातच जमा होता. तेवढ्यात त्या गृहस्थाने मडगार्डाच्या कडेवर नखाने बारीकसे ओरखडून पाहिले, खालचा निळा दिसताच त्याची मुद्रा उजळली, आणि तो म्हणाला, “छान आहे. आमच्याकडं निळ्याला गिऱ्हाईक जास्त. नेल्या नेल्या निळाच करून घेतो.”

काकूंनी कोकमाच्या सरबताचा तांब्या नुकताच बाहेर आणला होता. काकांनी तो त्यांच्या हातातून घेतला, झाकला, आणि परत आत पाठवून दिला.